दाभोळला वाचलेलं पत्र

दत्तू,

काल तिन्हीसांजेला तुझ्या घरी गेलो होतो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "भावजी, हे दाभोळास्न आले ते दोन दिस धड जेवले नायत. विचारला तर काय सांगितलान नाय. तिथे काय झाला होता?"

"काही नाही वहिनी," मी म्हटलं. "गलबत लागलं असेल."

गलबत लागलं, आणि ते तुला! उभा जन्म दर्यावर काढलेल्या खलाशाला गलबत लागलं, असं मी त्याच्या बायकोला सांगितलं. वहिनीनं मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली. मी पाणीसुद्धा न पिता उठलो. पऱ्याचं पाणी ओलांडताना मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. गाव म्हणतं, मास्तर खचला. नुसता खचलो असतो तरी चाललं असतं. मी घाबरलोय, दत्तू. दाराची कडी वाजली की वाटतं वहिनीच आली, तिला कळलं. शाळेत पोरं कविता म्हणत असतात आणि माझं लक्ष दाराकडे असतं. पुढचं सगळं तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे, बहुधा माझ्याहून जास्त. तरी पहिल्यापासून लिहितो. का, ते शेवटी सांगेन.

आपण दोघं एकाच दिवशी शाळेत बसलो. पंतोजींनी पहिल्याच महिन्यात तुझा कान पिळला आणि तू खिडकीतून उडी टाकून पळालास तो थेट मचव्यावर. मी तिथंच राहिलो आणि पुढं त्याच शाळेत मास्तर झालो. मला 'मास्तर' म्हणायचं आणि वर अरे-तुरे करायचं, हा मान जगात तुझ्या एकट्याचा. तुला आलेलं आणि तू धाडलेलं एकूण एक पत्र माझ्या तोंडून नाहीतर माझ्या हातून गेलं. वहिनीला कालिकतहून पहिलं पत्र धाडलंस ते मीच तिला वाचून दाखवलं. त्यात तू कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतंस, 'बाकीचं आल्यावर सांगेन.' वहिनी किती लाजली होती! तू परत आल्यावर मी दहादा विचारलं, बाकीचं म्हणजे काय रे? शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाहीस.

शेठनं फुटबॉलचा संघ काढला तेव्हा तुला गोलात मीच उभा केला. शेठ मुंबईला गोऱ्या सोजिरांची मॅच बघून आला होता आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. लाकडाची वखार त्याची, मचवे त्याचे. जो खेळेल त्याला काम, असा त्याचा रोकडा हिशेब. गंगाराम वखारीत लागला, तू त्याच्या मचव्यावर आलास, आणि अक्षर बरं म्हणून मी संघाचा चिटणीस झालो. चेंडूला लाथा मारून पोट भरतं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना काही केल्या पटेना. "लाथा मारून खायचा, मग नांगर कुनी धरायचा?" असं तुझे काका मला भर रस्त्यात विचारायचे.

आपलं मैदान म्हणजे वरचा सडा. सगळा कातळ. गुरं चरून गेली की आपण शेण बाजूला करायचं आणि अनवाणी धावायचं. दसऱ्याला हंगाम सुरू व्हायचा तो शिमग्यापर्यंत. पहिल्या दिवशी नारळ तू फोडायचास. देवाला गाऱ्हाणं घालायचास, अकराच्या अकरा जणांची नावं घ्यायचास, बापाच्या नावासकट, आणि म्हणायचास, "ह्यो मेळ शिमग्यापर्यंत सांभाळ, महाराजा." आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणायचो. मी जरा हळू म्हणायचो. शिकलेला ना मी!

यंदा हंगामाच्या मध्यावर मी गंगारामची अदलाबदल करायची ठरवली. आपल्याला गोल मारणारा नव्हता आणि दाभोळच्या संघाकडे इस्माईल होता. त्यांना डावीकडून पळणारा हवा होता आणि आपल्याकडे गंगाराम होता. दोघांचं भलं होतं, असं मला तेव्हा सरळ दिसत होतं आणि खरं सांगतो, अजूनही थोडंसं दिसतं. तू भाट्याच्या खाडीजवळ जाळं सुकत घातलेल्या जागी उभा होतास. ऐकलंस आणि भडकलास.

"भर दर्यात शीड बदलतात काय रे?"

"फाटलं तर बदलतातच," मी म्हटलं.

"गंगाराम फाटलाय?"

"गंगाराम चांगला आहे. इस्माईल आपल्याला जास्त कामाचा आहे. जिंकायला खेळतोय ना आपण?"

"मास्तर, हंगाम संपू दे. मग कोण कुठेपन जाऊ दे, मी आडवा येनार नाय. पन आपन नारळ फोडताना तेचा नाव घेतला. आता मधेच काढायचा तर नारळ परत सांधून आनशील?"

मी हसलो. तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तुला देवभोळा म्हटलं. तू हसला नाहीस. तुला नारळाची पडली नव्हती हे मला आता कळतं. गंगारामनं वळकटी खांद्यावर टाकली आणि बंदरावर आपल्याला सगळ्यांना हात जोडले. मॅच हरल्यावर कधी रडला नव्हता तो, त्या दिवशी रडला. तू त्याला मचव्यात चढवलंस आणि जाताना माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

आणि मग दाभोळशी मॅच झाली, आठवतं? गंगाराम डावीकडून सुसाट आला आणि सवयीनं चेंडू आपल्याच माणसाला दिला! दुसऱ्या अर्ध्यात इस्माईलनं तेच केलं, आपल्याकडून खेळताना चेंडू नेमका दाभोळच्या पायात घातला. लोक हसून हसून कातळावर बसले. गोलात उभा राहून तूही पोट धरून हसत होतास. "बघ मास्तर," तिथूनच ओरडलास, "नाव बदलशील, पाय कसे बदलशील?" पण मॅच आपण जिंकलो, इस्माईलच्या दोन गोलांवर. मी तुला ते मुद्दाम दोनदा ऐकवलं. वाद तिथंच राहिला. माझी खात्री होती की तो मी जिंकलोय.

आता मला लिहायला जड जातंय ते लिहितो.

त्या मॅचनंतर शेठनं मला वखारीत बोलावलं. म्हणाला, गोलकीपर आता म्हातारा होत चाललाय, दाभोळचा गोलकीपर विशीतला आहे, उंच आहे, तो मिळतो का पाहा. दत्तारामला तिकडे देऊन टाका. अब्बासभाईच्या मचव्याला चांगला खलाशी हवाच आहे. अब्बासभाई म्हणजे दाभोळच्या संघाचे कप्तान. मी काय म्हणायला हवं होतं? दत्तूचं घर इथं आहे, त्याची बायको, म्हातारी आई, दोन कुणग्यांची भातजमीन इथं आहे. तो माझा मित्र आहे. यातलं एक अक्षर मी बोललो नाही. "विचारून बघतो," म्हटलं, आणि घरी जाऊन पत्र लिहिलं. चांगल्या शाईनं, समासबिमास सोडून. त्यात एक वाक्य होतं: 'आमचा गोलकीपर दत्ताराम, याचे वय झाले असले तरी अजून काही दिवस उपयोगी पडेल.'

आणि ते पत्र दाभोळला न्यायला मी तुझ्याच हातात दिलं. मचवा तिकडे जाणारच होता. पत्रं तूच न्यायचास, गंगारामचंही तूच नेलं होतंस. पाकीट मी खळ लावून बंद केलं होतं. तुला वाचता येत नव्हतं. एवढ्यावर मी निर्धास्त होतो. तू पत्र बंडीच्या आतल्या खिशात ठेवलंस, वरून हात दाबलास आणि म्हणालास, "भिजू देत नाय, भिऊ नको."

तू परत आलास तेव्हा अब्बासभाईंचं उत्तर आणलंस. मी ते शाळेच्या पायरीवर तुझ्यासमोरच उघडलं आणि मनातल्या मनात वाचलं. गोलकीपर मान्य, पण बदल शिमग्यानंतर. मला राग आला. "दाभोळवाले नुसता वेळ काढतात," मी म्हटलं.

"काय लिवलाय?" तू विचारलंस.

"काही नाही. मॅचच्या तारखा."

"तारखा होय," तू म्हणालास आणि घराकडे गेलास.

नंतरचे आठ दिवस तू रोज सड्यावर येऊन इस्माईलला गोलात उभा करायचास आणि त्याच्यावर चेंडूंचा मारा करायचास. मी तुला ओरडलोसुद्धा. गोल मारणाऱ्याला गोलात उभा कशाला करतोस, म्हटलं. "एकाला दोन कामा आलेली बरी," एवढंच बोललास.

मग राजापूरशी मॅच झाली. त्यांचा एक जण एकटाच सुटून आला आणि तू त्याच्या पायांवर झेप घेतलीस. चेंडू तुझ्या पोटाशी राहिला. कोपरापासून मनगटापर्यंत कातळानं सोलून काढलं होतं. चुना-हळद लावून तू फडकं बांधलंस, गोलातून हललाही नाहीस. मॅच संपल्यावर माझ्याजवळ आलास, घाम पुसलास आणि हसून म्हणालास, "काय मास्तर, अजून उपयोगी पडतोय ना?"

मी म्हटलं, "पडतोस तर!" आणि मीही हसलो. दत्तू, मी हसलो रे.

जखम वरून सुकली. नवव्या का दहाव्या दिवशी सकाळी वहिनी धावत शाळेत आली. तुला पेज पिता येत नव्हती, जबडाच उघडत नव्हता. बैलगाडीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, धनुर्वात. इंजेक्शनं दिली, खोलीत काळोख केला आणि आम्हाला बजावलं, आवाज करू नका, जरा आवाज झाला की त्याला आचके येतील. भांडं पडलं तरी तुझी पाठ कमानीसारखी वर उचलायची. ते मी डोळ्यांनी पाहिलं. अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

तू शुद्धीवर होतास. हे कुणाला सांगवत नाही, पण तू शेवटपर्यंत शुद्धीवर होतास. दातखीळ बसलेली, आणि डोळे मात्र माझ्यावर. तुला काहीतरी सांगायचं होतं. मी तुझा हात धरून बसलो आणि मनात काय आलं ते आज लिहून टाकतो, नाहीतर कधीच लिहिणार नाही. बरं झालं, याला बोलता येत नाही, असं माझ्या मनात आलं. तेव्हा तर तुला पत्रातलं काही कळलंय हेही मला ठाऊक नव्हतं. नुसता संशय होता, 'तारखा होय' म्हणालास तेव्हापासूनचा. वाटत होतं, वाकावं, तुझ्या कानाशी लागावं आणि सगळं सांगून टाकावं. पण डॉक्टरांनी आवाज करू नका म्हटलं होतं. किती आज्ञाधारक झालो मी एकदम! तिसऱ्या दिवशी तू गेलास.

परवा अब्बासभाई आले. दाभोळहून मुद्दाम मचवा करून आले, भेटायला. वहिनीला भेटले, मग माझ्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, तुमचा पत्र मी त्याच्यासमोर वाचला."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग आठवलं. आपल्याकडे पत्र म्हणजे सगळ्या घराची गोष्ट. पत्र घेऊन आलेल्याला बसवायचं, गूळपाणी द्यायचं, आणि त्याच्यासमोर, घरच्यादारच्यांसमोर पत्र मोठ्यानं वाचायचं. परत जाऊन त्याला सांगता आलं पाहिजे ना की पत्र पोचलं आणि सगळ्यांनी ऐकलं! हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझी सगळी पत्रं मी वहिनीला अशीच वाचून दाखवली. पण शाळामास्तर झाल्यापासून स्वतःची पत्रं मी मनात वाचायला लागलो, आणि वाटलं सगळं जगच मनात वाचतं. पाकिटाला खळ लावली की झालं!

अब्बासभाई सांगत होते, "खलाशी होते, माझी अम्मी होती, गंगाराम होता. अर्ध्यावर आल्यावर मला कळला काय लिवलाय. पन मधेच थांबू कसा? वाचत गेलो. तुमचा मानूस ऐकत होता. संपल्यावर म्हनाला, ता वय झाल्याचा वाक्य परत एकदा वाचा. मी वाचला. मग इचारलान, अक्षर कसा हाय? मी म्हटला, फार सुंदर. तर म्हनाला, असनारच."

दत्तू, तू अक्षर कसं आहे ते विचारलंस.

"मग म्हनाला," अब्बासभाई सांगत होते, "मी येतो, लिवा मान्य. पन शिमग्यानंतर. तुमचा पोर वाळूत खेळलेला, मधेच कातळावर उभा केलात तर मास्तराची फजिती होईल. आनि ही अट तुमची म्हनून लिवा. माझी म्हनून लिवलात तर मला कळला हे त्याला कळंल, आनि मग तो माझ्याकडे वर बघनार नाय."

अब्बासभाई गेल्यापासून मी एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघतोय. गंगारामला मध्येच पाठवला तसं तुलाही मध्येच पाठवलं असतं, तर राजापूरच्या मॅचच्या दिवशी तू दाभोळच्या मैदानावर असतास. ते मैदान खाडीकाठची मऊ पुळण. तिथं झेप घेतली की अंगाला वाळू लागते, दुसरं काही होत नाही. म्हणजे मी म्हणत होतो तसं झालं असतं तर तू आज जिवंत होतास, दाभोळला, माझ्यावर रागावलेला. तू म्हणत होतास तसा हंगाम संपेपर्यंत थांबलास, माझी फजिती होऊ नये म्हणून थांबलास, आणि गेलास. आता आपला वाद कुणी जिंकला ते सांग. मला जिंकायचा नाही रे तो. माणसाला न विचारता त्याचं नाव कागदावर इकडचं तिकडे करायचं, हे हंगामाच्या मध्यात काय आणि शेवटी काय, सारखंच वाईट. वाद घालताना एवढी साधी गोष्ट तुला मला दोघांनाही नीट बोलता आली नाही. तू नारळाचं बोलत राहिलास आणि मी गोलांचं.

'अजून उपयोगी पडतोय ना' हे तू टोमणा म्हणून बोललास की मस्करी म्हणून? झेप घेताना ते वाक्य तुझ्या डोक्यात होतं का? ते डोक्यात नसतं तर तू त्या पोराच्या पायांवर पडला असतास का? हे तीन प्रश्न घेऊन मी उठतो आणि हे तीन प्रश्न घेऊन निजतो. उत्तर देणारा तू एकटा होतास.

आज सकाळी शेठचा निरोप आला. दाभोळला पत्र लिहा, त्यांचा तरुण गोलकीपर आता तरी मिळतो का बघा, हंगाम बुडतोय. मी कागद घेतला, शाई घेतली, समास सोडला. वर 'अब्बासभाई' लिहायचं होतं आणि 'दत्तू' लिहिलं गेलं. तेच हे. शेठला कळवलंय की असली पत्रं यापुढं माझ्या हातून होणार नाहीत, गोलात इस्माईल उभा राहील, त्याला तू तयार केलायस. शेठला राग आला असेल. त्याची भीती वाटत नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि तुला ठाऊक असलेलं सगळं तुलाच का लिहीत बसलो, ते त्यातच आहे.

वहिनीला वाचता येत नाही. तिला आलेली सगळी पत्रं मी वाचली, तिनं विश्वासानं ऐकली. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या कागदात आहे. उद्या सकाळी हे घेऊन तुझ्या ओटीवर येईन. ती गूळपाणी ठेवील. तुझी आई भिंतीला टेकून बसेल. आणि मी मोठ्यानं वाचेन, पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. गलबत लागल्याचं खोटं सांगितलं तेही. बरं झालं याला बोलता येत नाही, असं वाटलं तेही. वाचून झाल्यावर ती मला बसा म्हणेल, की पुन्हा कधी पायरी चढू नका म्हणेल, मला माहीत नाही. आत्तापासून अक्षर बिघडलंय. तू असतास तर अब्बासभाईंना विचारलंस तसं विचारलं असतंस.

तुझं वय झाल्याचं ते एक वाक्य गाळावंसं वाटेल, हे मला ठाऊक आहे. तरी वाचेन. आणि वहिनी म्हणाली, ता परत एकदा वाचा, तर परत वाचेन.